मानाची देणगी

बाळासाहेब प्रधान गेल्या महिन्यात गेले, म्हणून हे आता लिहिता येतंय. ते असेपर्यंत चंद्रहासने माझं तोंड बांधून ठेवलं होतं. माझं तोंड बांधणं सोपं नाही. सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. इथे परदेशात, जॉन्सनव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात श्रुतीताई, म्हणजे मी, बोलायला उभी राहिले, की निम्मे लोक चहाच्या टेबलाकडे सरकतात. आता सरकायचं त्यांनी खुशाल सरकावं.

चंद्रहास पाटणकर माझा शेजारी. पुण्याहून शिकायला आला, विजेच्या तारांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून लागला आणि इथलाच झाला. त्याची बायको मृदुला पोरिरुआला औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट, मुलगा आरव हायस्कुलात. माणूस सरळ. इतका सरळ, की त्याच्याबरोबर संसार करणं किती कंटाळवाणं असेल याचा मला नेहमी अंदाज यायचा. दूध आणायला डेअरीपुढे पाच मिनिटं गाडी लावली तरी पार्किंगचे पैसे भरणार. मंडळाच्या सहलीतले उरलेले कागदी पेले धुऊन पुढच्या वर्षासाठी ठेवणार. लोक त्याला हसायचे, मीही हसायचे.

या माणसाला एकच वेड होतं, निवडणुकीतल्या पैशाचं. त्याचं मूळ त्याच्या वडिलांत होतं. काशिनाथरावांचं भवानी पेठेत सायकलींचं दुकान होतं. ते नगरसेवकपदाला तीनदा उभे राहिले आणि तीनदा पडले. पहिल्या वेळी बायकोचे दागिने गेले, दुसऱ्या वेळी दुकानाचा पुढचा गाळा गेला, तिसऱ्या वेळी दुकानच गेलं. आई सरलाबाई शेवटपर्यंत कार्यकर्त्यांसाठी पोहे करत राहिल्या, आणि निवडून आला तो घरोघरी मिक्सर वाटणारा. चंद्रहास एकदा मला म्हणाला, "ताई, माझे बाबा वाईट उमेदवार नव्हते. गरीब उमेदवार होते."

म्हणून इथला कायदा वाचला तेव्हा तो हरखून गेला. निवडणुकीत खर्च किती करायचा याला मर्यादा. मोठी देणगी दिली तर देणाऱ्याचं नाव सगळ्या जगाला दिसणार. आणि पक्षांना जाहिरातींसाठी चक्क सरकारी पैसा. तो एका चिमुकल्या पक्षात शिरला. पक्षाचं नाव सांगत नाही. तुम्ही ऐकलेलं नसणार आणि आता तो उरलेलाही नाही. दोन वर्षांत पक्षाचा सेक्रेटरी झाला. म्हणजे देणग्यांचा हिशेब सरकारला देणारा आणि तो चुकला तर कायद्याने जबाबदार असणारा तो एकटा.

आत गेल्यावर त्याला त्या कायद्यातली फट दिसली. खर्चाची मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे वाढते. सरकारी पैसा मात्र महागाईला बांधलेला नाही. जितका ठरवतील तितका. शिवाय तो फक्त रेडिओ, टीव्ही आणि इंटरनेटच्या जाहिरातींना. पत्रकं, रस्त्यावरचे फलक, हॉलचं भाडं हे ज्याचं त्याने बघायचं. संसदेच्या समितीपुढे तो हे सांगायला गेला होता. माझ्याच स्वयंपाकघरात त्याने तालीम केली. "ताई, ज्याच्याकडे पैसा आहे त्याने किती उडवावा, हे सरकार दरवर्षी नव्याने मोजतं. ज्याच्याकडे नाही त्याला काय द्यायचं, ते मोजतच नाही. ताट दर वर्षी मोठं होतंय आणि वाढपी डाव तोच धरून बसलाय."

समितीतली माणसं सभ्य होती. इथल्या रीतीने किया ओरा म्हणून नमस्कार केला, आभार मानले, पाच मिनिटांनी पुढच्या माणसाला बोलावलं. चंद्रहास मात्र काहीतरी घडल्यासारखा घरी आला. मला तेव्हाच त्याची दया आली होती.

दोन हजार तेवीसच्या निवडणुकीत त्याचं म्हणणं खरं ठरलं, आणि त्याच्याच अंगावर आलं. आधीच्या खेपेला पक्षाच्या वाट्याच्या पैशात रेडिओवर जितके दिवस आवाज ऐकू आला होता, त्याच्या निम्मेही दिवस या वेळी निघाले नाहीत. छपाई महागली, फलकांचं लाकूड महागलं. चंद्रहास शनिवार-रविवार जुने फलक घासून पुन्हा रंगवत बसायचा.

तेव्हा मकरंद पुढे आला. मकरंद आमच्या मंडळाचा अध्यक्ष, आयटीतला, गोड बोलणारा आणि चार लोकांत कधी रिकाम्या हाताने न दिसणारा. तो म्हणाला, "चंद्रहास, तू आपला माणूस आहेस यार. गणपतीची वर्गणी काढतो ना आपण, तशी काढू. एका वीकेंडचं काम."

"चालेल," चंद्रहास म्हणाला. "पण प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि रक्कम मला वेगवेगळी हवी. लहान रकमांची नावं जाहीर होत नाहीत, पण माझ्याकडे ती असली पाहिजेत."

"स्वीट ऍज," मकरंद म्हणाला. म्हणजे इथल्या बोलीत, अगदी झकास.

मी माझं पाकीट नाव-पत्ता लिहून मकरंदकडे दिलं आणि लेकीच्या बाळंतपणासाठी ऑकलंडला, माउंट वेलिंग्टनला गेले. पुढे काय झालं ते मला परत आल्यावर कळलं.

आमच्या मंडळाची एक जुनी रीत आहे. सगळ्यांनी मिळून काही दिलं, की ते वडीलधाऱ्याच्या नावाने आणि त्याच्या हातून द्यायचं. शाळेला बाक दिला, देवळाला घंटा दिली, पाटीवर नाव एकच: बाळासाहेब प्रधान. कोणी किती घातले हे कोणी विचारायचं नाही. रीत वाईट नव्हती. शंभर देणारा आणि हजार देणारा एकाच पंगतीत बसायचे, आणि मान जायचा त्या माणसाला, ज्याच्या गॅरेजमध्ये इथला पहिला गणपती बसला होता. बाळासाहेब रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर होते. नव्याने आलेलं निम्मं मंडळ कधी ना कधी त्यांच्या घरी सतरंजीवर झोपलेलं आहे.

मकरंदने तेच केलं. पाकिटं बहुतेक रोख होती. ती फोडून सगळी रक्कम बाळासाहेबांच्या खात्यात भरली आणि त्यांच्या सहीने तिथून एकरकमी पक्षाला पाठवली. अठ्ठावीस हजार डॉलर. मग हॉलमध्ये कार्यक्रम झाला. शाल, नारळ, टाळ्या.

चंद्रहासने मकरंदला विचारलं, "यादी कुठे आहे?"

"यादी कशाला? बाळासाहेबांनी दिलेत. एक नाव, एक एन्ट्री. तुझंच काम सोपं."

चंद्रहासचं समाधान झालं नाही. तो बाळासाहेबांकडे गेला. भोवती माणसं उभी होती. "काका, हे पैसे तुमचेच का?"

"माझ्या हातून दिले ना?" बाळासाहेब म्हणाले. "मग माझेच."

त्यात न पटण्यासारखं काय होतं? बाळासाहेबांनी खांडाला भागातलं मोठं घर विकल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. माणसाकडे पैसा असणारच, असं सगळे धरून चालले होते. चंद्रहासने नियमाप्रमाणे देणगीदार म्हणून त्यांचं नाव कळवलं, आणि मोठी देणगी म्हणून ते जाहीर झालं. पक्षाला काही मतं पडली, जागा एकही मिळाली नाही. गोष्ट इथेच संपायला हवी होती.

आता जे कोणालाच माहीत नव्हतं ते सांगते. घर विकून आलेला पैसा बाळासाहेबांच्या मुलाच्या, मोहनच्या, धंद्यात बुडाला होता. मोहन ऑस्ट्रेलियाला निघून गेला. म्हातारा पोरिरुआला, गरजू वृद्धांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांच्या स्वस्त घरात राहत होता. आम्हाला सांगायचे, "मोठं घर आवरत नाही आता." पेन्शनवर भागेना, म्हणून भाड्यासाठी सरकारकडून जादा मदत घेत होते. ती मदत मिळायला हाताशी शिल्लक अगदी थोडी असावी लागते. किती थोडी, ती मर्यादा कित्येक वर्षांत हललेली नाही. तिला महागाई लागत नाही. मानाचा माणूस हे चार लोकांत कसं सांगणार? घर फिरलं की घराचे वासे फिरतात, हे त्यांनी आमच्यापेक्षा जास्त पाहिलेलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात ते बसने माझ्या घरी आले. कोटाच्या खिशात सरकारी पत्र. तुम्ही आमच्याकडून मदत घेत असताना इतकी मोठी रक्कम एका पक्षाला दिलीत, ती तुमच्या खात्यात दिसते, म्हणजे तुम्ही शिल्लक लपवलीत. मदत बंद. मागची सगळी परत करा. घर देणाऱ्या संस्थेनेही कळवलं होतं, की असा पैसा असलेल्या माणसाला हे घर ठेवता येणार नाही.

मी चंद्रहासला बोलावलं. बाळासाहेबांनी खाली बघत सगळं सांगितलं.

"काका, मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतंस," बाळासाहेब म्हणाले. "शाल अंगावर असताना विचारलंस."

चंद्रहासला तरी वाटलं, की हे सुटण्यासारखं आहे. ज्याने त्याने आपण किती दिले ते लिहून सही करायची. रकमा छोट्या, कोणाचं नाव छापून येणार नाही. तो आपला हिशेब दुरुस्त करेल, चुकीची माहिती मिळाली होती असं सांगेल, बाळासाहेब मोकळे होतील. मला ते इतकं सोपं वाटलं, की मी लगेच माझी सही केली. दीप्ती नावाची आमची एक नर्स आहे, तिनेही केली.

मग तो दारोदार फिरला. काय काय ऐकून आला ते मला रोज येऊन सांगायचा. एकाची सिटिझनशिप पेंडिंग होती. एकीचा नवरा सरकारी खात्यात होता, त्याला राजकारणात नाव नको होतं. एक जण घरून डबे विकायचा. रोख कुठून आली हे टॅक्सवाले विचारतील म्हणून तो घाबरला. एकाला तर आठवतच नव्हतं, की आपण काही दिलं होतं. मकरंदने कॉफी पाजली आणि म्हणाला, "चंद्रहास, आय फील फॉर हिम, रिअली. पण यादी मी ठेवलीच नाही ना. आता कोणाचं नाव कसं घेऊ? ही इज ओल्ड. त्यांना कोण त्रास देणार आहे?"

ज्यांनी मान म्हणून म्हाताऱ्याचं नाव वापरलं, त्यांतल्या, आम्ही दोघी सोडून, एकालाही स्वतःचं नाव त्याच्यासाठी देता आलं नाही. ही भेकड माणसं नव्हती. विमानतळावर अनोळखी पोराला आणायला पहाटे जाणारी, कोणी आजारी पडलं तर महिनाभर जेवण पोचवणारी माणसं. पण सही म्हटल्यावर सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

चंद्रहासने अधिकाऱ्यांना खरं ते सांगून पाहिलं. त्यांनी विचारलं, मग देणारे कोण? त्याच्याकडे दोन सह्या होत्या. दोन बायकांच्या चिमूटभर रकमा वजा केल्या, तर बाकीचा डोंगर तसाच बाळासाहेबांच्या नावावर उभा. देणारा माणूस सापडत नसेल तर पैसा खातेदाराचा. त्यांचंही काय चुकलं?

एका रविवारी दुपारी मृदुलाने मला हाक मारून नेलं. चंद्रहास जेवणाच्या टेबलाशी बसला होता. मृदुला म्हणाली, "ऐका ताई, हे काय करायला निघालेत ते."

तो म्हणाला, "बाकीचे पैसे माझे होते असं सांगणार आहे. सेक्रेटरीनेच एवढे पैसे घातले हे दिसू नये म्हणून मी काकांचं खातं वापरलं. मंडळाची वर्गणी आहे असं सांगून मी त्यांना फसवलं. छपराच्या दुरुस्तीसाठी मी त्या वर्षी बँकेतून रोख काढलीच होती. ती दाखवेन."

"त्या पैशाचं छप्पर झालं," मी म्हणाले. "वर बघ."

"कबूल करणाऱ्याच्या छपरावर कोण चढून बघतंय, ताई?"

मी त्याला खूप बोलले. मूर्ख म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण त्या संन्याशाने स्वतः दोर विकत आणल्याचं मी कुठे ऐकलेलं नाही, असंही म्हणाले. मृदुला रडत नव्हती. ती फक्त म्हणाली, "आणि आमचं काय?"

आरव जिन्यात बसून ऐकत होता. त्याला मराठी सगळं कळतं, बोलतो इंग्रजीत. तो म्हणाला, "बट डॅड, दॅट्स अ लाय."

"हो," चंद्रहास म्हणाला. "काका ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना या थंडीत कुठे ठेवू, सांग. आपल्याकडे ठेवायला ते येणार नाहीत. मी विचारून आलोय."

माझ्याकडूनही त्याने त्याच दिवशी शब्द घेतला. बाळासाहेब असेपर्यंत एक अक्षर नाही.

सगळं त्याने ठरवलं तसंच झालं. आयुष्यभर जो माणूस कोणाचा पैसा कुठून आला ते उघड करा म्हणत फिरला, त्याने पैशाबद्दल एकच खोटं सांगितलं आणि ते सगळ्यांनी ताबडतोब मानलं. खरं सांगितलं तेव्हा पुरावा मागितला होता. जाणूनबुजून खोटा हिशेब दिला म्हणून कोर्टाने दोषी ठरवलं. दंड झाला, समाजसेवेचे तास झाले. कंपनीची कामं सरकारी, तिथे शिक्षा झालेला माणूस चालेना, नोकरी गेली. आता तो पोरिरुआला हार्डवेअरच्या दुकानात रंगाचे डबे मिसळून देतो. आणि इथल्या कायद्यात अशा गुन्ह्याची आणखी एक शिक्षा असते: मतदारयादीतून तीन वर्षं नाव जातं. दंडाबद्दल तो कधी बोलला नाही. मत गेलं त्याबद्दल एकदाच बोलला. म्हणाला, बाबांचं दुकान गेलं तेव्हाही मत होतं.

बाळासाहेबांचं घर राहिलं. मदत पुन्हा सुरू झाली.

मंडळाने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्याचं हळूहळू दुसरंच काही झालं. आधी कुजबुज आली, की त्याचेच असतील पैसे. मग, त्याचेच होते. मग, आपल्याला तेव्हाच शंका आली होती. ज्यांची पाकिटं मकरंदने स्वतःच्या हाताने फोडली होती ती माणसं माझ्या तोंडावर हे म्हणायची, आणि शपथेवर सांगते, त्यांचा त्यावर विश्वास बसलेला असायचा. मृदुलाला हळदीकुंकवाचं बोलावणं येईनासं झालं.

वार्षिक सभेत मकरंदने ठराव मांडला. पैशाच्या गैरव्यवहारात शिक्षा झालेल्या सभासदाचं सभासदत्व रद्द करावं, मंडळाच्या नावाला बट्टा लागतो. आवाजात दुःख होतं. ते त्याला चांगलं जमतं. चंद्रहास आला होता. शेवटच्या रांगेत, दाराजवळ. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं, आणि मी, जिचं तोंड कधी बंद होत नाही, ती खुर्चीला धरून बसून राहिले.

हात वर झाले. मी एकेकाकडे बघत होते. सिटिझनशिपवाला, त्याची सिटिझनशिप एव्हाना झाली होती. डबेवाला. आठवत नसलेला. दीप्ती आणि मी सोडून सगळ्यांचे.

बाळासाहेब पहिल्या रांगेत बसले होते. त्यांचा हातही अजून मांडीवरच होता. मकरंद आदराने वाकून म्हणाला, "काका, तुमची तर सगळ्यात जास्त फसवणूक झाली. तुम्हाला काही म्हणायचंय?"

बाळासाहेब उठले. काठी टेकून मागे वळले आणि शेवटच्या रांगेकडे बघत राहिले. ओठ हलत होते. सभागृहात सगळे थांबले. मला वाटलं, आता म्हातारा बोलणार. बोलू दे, घर जाऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे, असं माझ्या मनात आलं, आणि मला ते लपवायचं नाही.

चंद्रहासने दुरून त्यांच्याकडे बघून होकाराची मान हलवली. मुलाला परीक्षेला जाताना 'जा, लिही' म्हणावं तशी, हळू.

बाळासाहेबांनीही हात वर केला.